झिओलाईट कॅटॅलिस्ट आणि त्याचा लेप – पावडर चांगली निघते, मग लेपात जीव का जातो?

खाडीकाठची – १२ जुलै

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज चिपळुणात पाऊस असा लागलाय की घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणून बसलेय लिहायला. मी लोट्याला एका छोट्या लॅबमध्ये काम करते, शिक्षणानं केमिस्ट. हर्णैला माझ्या मामांचं सुक्या मासळीचं गोडाऊन आहे, बोंबील, जवळा, सोडे, सगळं उन्हाळ्यात भरून ठेवायचं आणि पावसात विकायचं. पावसात दारं बंद, मग एक्झॉस्ट फॅन लावावा लागतो आणि तो फॅन नेमका शेजारच्यांच्या परसात वास सोडतो. दरवर्षी भांडण. मामांनी गेल्या वर्षी मला विचारलं, तू एवढी शिकलीस, ह्या वासाचं काही कर की. तिथून हे सुरू झालं.

माशाचा तो वास म्हणजे मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइन. समुद्रातल्या माशाच्या अंगात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड असतं, मासा मेला की जिवाणू त्याचं अमाइन करतात. अमाइन म्हणजे अल्कली, आणि अल्कलीला धरायला आम्लधर्मी जागा लागते. झिओलाईट म्हणजे अतिबारीक छिद्रांचं खनिज, त्याच्या आम्ल रूपात अशा जागा भरपूर, आणि तांबं घातलं की तापवल्यावर तेच अमाइन जळून जातं, योग्य तापमान ठेवलं तर बहुतेक नायट्रोजन होऊन निघतं. म्हणजे धरा, भरलं की भट्टीत जाळा, परत लावा. कल्पना एवढीच.

मी वाय झिओलाईट निवडलं. त्याची छिद्रं ७.४ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), अमाइन आरामात आत जातं, आणि वाय करायला महागडं ऑरगॅनिक टेम्प्लेट, म्हणजे छिद्रांना आकार देणारा साचा, लागत नाही. सिलिका घेतली भाताच्या तुसातून. गिरणीवर तूस फुकट मिळतं, जाळलं की वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी राख उरते आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका. आधी पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये उकळून घ्यायचं म्हणजे पोटॅश निघून जातो आणि राख पांढरी शुभ्र येते, मग ६०० अंश सेल्सिअसला जाळायचं. फार वर नेऊ नका, ८०० च्या पुढे गेलात की सिलिका स्फटिक व्हायला लागते, मग ती कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइड) विरघळायला नखरे करते.

जेलचं प्रमाण मोलमध्ये दहा सिलिका, एक अ‍ॅल्युमिना, साडेचारच्या थोडा वर सोडा (सोडियम ऑक्साइड, तो कॉस्टिकमधून येतो), १८० पाणी. पण खरी गंमत बियाण्याच्या जेलमध्ये आहे. थोडं जेल जास्त सोडा घालून वेगळं करायचं, एक दिवस खोलीच्या तापमानाला नुसतं ठेवायचं, आणि ते मोठ्या जेलमध्ये मिसळायचं. मग घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत १०० ला, न ढवळता. पुस्तकात सात तास आहेत, माझ्या राखेच्या सिलिकेला दहा लागले. झालं हे कसं कळतं, तर जेल खाली बसतं आणि वरचं पाणी नितळ होतं, तांदूळ धुऊन ठेवल्यावर होतं तसं. त्याच वेळी काढायचं. मी पहिल्यांदा रात्रभर ठेवलं तर वायचं पी झिओलाईट होऊन बसलं, पी म्हणजे घट्ट, अरुंद छिद्रांचं, आपल्या कामाचं नाही. एक्सआरडीत (स्फटिकाची जात ओळखायची क्ष-किरण चाचणी) ६.२ अंशाची शेंडी पाहिजे होती तिथे सपाट आणि १२.५ वर मोठी शेंडी.

असो, पावडर तिसऱ्या खेपेला उत्तम आली. अमोनियम क्लोराइडमध्ये ८० ला तीन वेळा एक्स्चेंज (आतला सोडियम काढून त्या जागी अमोनियम बसवणं), धुणं, सुकवणं, थोडं तांबं, कॅल्सिनेशन म्हणजे भट्टीत भाजणं. पावडर अमाइन मस्त धरत होती. मग मी ती हनीकोंबवर चढवली आणि सगळं बिघडलं.

हनीकोंब कशाला, तर एक्झॉस्ट फॅनला दम नसतो. गोळ्यांचा थर ठेवला तर हवा पुढे जातच नाही, फॅन नुसता गरगरतो. हनीकोंब म्हणजे कॉर्डिएराइट मातीचा ठोकळा, चौरस इंचाला ४०० सरळ बोगदे, हवा सरळ पार होते आणि बोगद्याच्या भिंतीवर कॅटॅलिस्टचा लेप.

पहिला लेप मी दाट केला, एका बुडीत काम होईल म्हणून, आणि बाहेर काढून थेट १२० च्या ओव्हनमध्ये. दुसऱ्या दिवशी उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा, सगळीकडे चिरा, टिचकी मारली की पापुद्रे हातात. दुसरा लेप पातळ, तीन हात दिले, पण पावडर बॉल मिलमध्ये नीट दळली नव्हती, कण जाड राहिले आणि फॅन लावला की पांढरी धूळ. मग मला वाटलं चिकटवायला कमी पडतंय म्हणून तिसऱ्या लेपात बाइंडर म्हणून सिलिका सोल (पाण्यात तरंगणारे सिलिकेचे अतिबारीक कण) भरपूर घातलं, कोरड्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के. दगडासारखा बसला! अल्ट्रासॉनिक बाथमध्ये दहा मिनिटं ठेवून वजन केलं तरी काही गेलं नाही. मी लगेच हर्णैला नेऊन लावला. मामा दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, काय गो, आहे तसाच आहे वास.

आठवडा शोधण्यात गेला. पावडर चांगली, लेप मजबूत, मग चुकतंय कुठे? शेवटी सोलचा ड्रम हातात घेऊन लेबल वाचलं. सोडियमवर स्थिर केलेलं सोल होतं ते. तीन-तीन वेळा अमोनियम क्लोराइडनं धुऊन ज्या जागांवरचा सोडियम मी काढला होता, तो मी स्वतः बाइंडरमधून परत घालत होते. आम्लाच्या जागाच गेल्या तर अमाइन धरणार कोण. त्यात तीस टक्के सोल म्हणजे कणांची तोंडंसुद्धा बऱ्यापैकी लिंपली गेली असणार.

म्हणून मला सगळ्यांना हे सांगायचंय की पावडर तपासून समाधान मानू नका, लेप चढल्यावर त्याच तुकड्यावर परत मोजा. लेप किती घट्ट बसलाय हे सगळे मोजतात, तो जिवंत आहे का हे बघायचं राहून जातं. मी आता प्रत्येक लेपाचा एक तुकडा कापून काचेच्या नळीत ठेवते, अमाइनवरून हवा सोडते आणि पलीकडे ०.०१ नॉर्मल अ‍ॅसिडच्या बाटलीत बुडबुडे. बाटलीतलं अ‍ॅसिड टायट्रेट केलं, म्हणजे किती उरलंय ते मोजलं, की लेपानं किती धरलं आणि किती सोडलं ते समजतं. एक ब्युरेट आणि मिथाइल रेड, एवढंच सामान.

चौथा लेप चांगला आलाय, त्याचं खाली सविस्तर लिहिते. तुमचे अनुभव सांगा, विशेषतः लेपाचे.

--

मांडवीची_जेट्टी – १२ जुलै

ताई, वाचायला घेतलं आणि सोडवेना. पण झिओलाईट म्हणजे नक्की काय ते एकदा साध्या भाषेत सांगाल का, मी बँकेत आहे, दहावीनंतर केमिस्ट्रीशी संबंध नाही.

--

खाडीकाठची – १२ जुलै

सांगते ना. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची जाळी, स्पंजासारखी, पण स्पंजाची भोकं लहानमोठी असतात आणि हिची सगळी एकाच मापाची, रेणूंच्या मापाची. म्हणून ती चाळणीसारखी वागते, लहान रेणू आत, मोठा बाहेर. जाळीत जिथे जिथे अ‍ॅल्युमिनियम बसतो तिथे एक ऋण भार उरतो, तो भागवायला सोडियम, कॅल्शियम असं काहीतरी येऊन बसतं, आणि तो पाहुणा बदलता येतो. सोडियमच्या जागी हायड्रोजन बसवला की आम्ल झालं.

नाव दिलं स्वीडनच्या क्रॉनस्टेटनं १७५६ मध्ये. दगड तापवला तर त्यातून वाफ निघून तो उकळल्यासारखा दिसला, म्हणून ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड'. आणि हा दगड आपल्याकडे ढिगानं आहे! आपल्या काळ्या पाषाणात लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यात मागाहून गरम पाण्यानं हे स्फटिक वाढवले. खाणीत काळा दगड फोडला की आत पांढरे, मोतिया रंगाचे झुबके दिसतात ना, त्यातले बरेचसे स्टिलबाइट, हुलँडाइट, स्कोलेसाइट, सगळी झिओलाईटंच. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

--

पोफळीच्या_बागेत – १३ जुलै

मग तेच दगड कुटून का नाही वापरायचे? एवढा खटाटोप कशाला.

--

निवृत्त_प्लांटवाला – १३ जुलै

ह्याचं उत्तर मी देतो. मी आयुष्यभर रिफायनरीत कॅटॅलिस्ट बघितलाय. खाणीतल्या दगडाची छिद्रं अरुंद, आत लोह, कॅल्शियम अशी भेसळ, आणि प्रत्येक खाणीचा माल वेगळा. स्टिलबाइट, हुलँडाइट तर तापवलं की जाळीच ढासळते. कॅटॅलिस्टला रोज तीच वस्तू तीच यायला लागते. म्हणून १९४० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ बॅरर यांनी आणि नंतर युनियन कार्बाइडच्या मिल्टन यांनी ती प्रयोगशाळेत करायला घेतली, १९४९ पासून ए आणि एक्स नावाची झिओलाईटं आली, मग वाय. १९६० च्या दशकात तेल तोडायच्या क्रॅकरमध्ये वाय गेलं आणि एकाच बॅरलमधून जास्त पेट्रोल निघायला लागलं. पुढे झेडएसएम ५ हे आणखी अरुंद छिद्रांचं झिओलाईट, मोबिल कंपनीचं पेटंट १९७२ चं. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखाली ८० च्या दशकात एन्सिलाइट नावाचे झिओलाईट कॅटॅलिस्ट झाले, आणि ते नुसते पेपरात राहिले नाहीत, कारखान्यात चालले, ह्याचा मला मनापासून अभिमान आहे.

आता खाडीकाठचीताई, तुमच्या कामाबद्दल दोन गोष्टी. तीनदा एक्स्चेंज केलंत म्हणजे सगळा सोडियम गेला असं समजू नका. वायमध्ये मोठे पिंजरे आहेत आणि लहान पिंजरे आहेत. मोठ्यातला सोडियम सहज निघतो, लहान पिंजऱ्यातला, साधारण पाव हिस्सा, अडून बसतो. त्याला बाहेर काढायला एकदा मध्येच ५०० ला भाजायचं, तापल्यावर तो जागा बदलतो, मग परत एक्स्चेंज. आम्ही असंच करायचो.

दुसरं म्हणजे धुणं. फिल्टरवर पाणी ओतलं आणि झालं असं नाही. गाळलेलं पाणी सिल्व्हर नायट्रेटला पांढरं होणं थांबेपर्यंत धुवा, आणि विहिरीच्या पाण्यानं अजिबात नको, डीआय म्हणजे क्षार काढलेलं पाणीच.

--

खाडीकाठची – १३ जुलै

काका, मध्ये भाजायचं हे मी केलंच नव्हतं! मनापासून आभार, पुढच्या खेपेत करते.

आणि सगळ्यांना चौथ्या लेपाचं सांगते. स्लरीत (पावडर आणि पाण्याचा काला) ३० टक्के घन, पावडर बॉल मिलमध्ये रात्रभर, कण दहा मायक्रॉनच्या आत. सोल अमोनियावर स्थिर केलेलं घेतलं, अमोनिया भाजताना उडून जातो, मागे काही ठेवत नाही, आणि प्रमाण फक्त दहा टक्के. दाटपणा घावनाच्या पिठाएवढा, आंबोळीएवढा नको. ठोकळा आधी पाण्यानं ओलावून घेतला, बुडवला, वर काढला, कॉम्प्रेसरच्या हवेनं बोगदे फुंकले. एकेक बोगदा उजेडाकडे धरून बघायचा, एक जरी बुजला तरी परत फुंकायचा.

सुकवायला ओव्हन लावला आणि लाईट गेली. जुलैतली चिपळूणची लाईट, कधी येईल भरवसा नाही. तुकडे ओलेच होते, म्हणून मी ते काढून पॅसेजमध्ये आडवे टांगले, धूळ नको म्हणून वर ओलं गोणपाट, आणि तासातासानं थोडे फिरवत राहिले म्हणजे स्लरी एका बाजूला उतरू नये. रात्री तसेच ठेवून घरी गेले. सकाळी भिंग लावून बघितलं तर एक चीर नाही! एक सुद्धा नाही!

नंतर विचार केला तर कारण सरळ आहे. पाणी उडताना कणांच्या फटीतलं पाणी कणांना एकमेकांकडे ओढतं, सगळा थर आकसायला बघतो, पण खालचा ठोकळा आकसत नाही, म्हणून वर चीर. हळूहळू सुकलं तर कणांना सरकून नीट बसायला वेळ मिळतो. आपली पावसाळी हवा, जिला आपण कपडे वाळत नाहीत म्हणून शिव्या घालतो, तिनं माझा लेप वाचवला. आता लाईट असली तरी मी पहिली रात्र गोणपाटाखालीच ठेवते, मग ६०, मग ११०, आणि भट्टीत मिनिटाला एक अंशानं ५०० पर्यंत. असे तीन पातळ हात. लिटरभर ठोकळ्यावर दीडशे ग्रॅमच्या आसपास बसतं.

--

देवगडचो_झील – १३ जुलै

माका ह्यातला रसायनशास्त्र कळना नाय, पण वाचूक बरा वाटला. घावनाचा पीठ म्हटलास तेव्हा मातर सगळा डोळ्यासमोर इला. मामांका सांग, वास गेलो तर आमच्या बंदरारय एक लाव.

--

सडा_आणि_जांभा – १४ जुलै

मी पीएचडी करतोय, विषय झिओलाईटचे पापुद्रेच, म्हणजे मेम्ब्रेन. ताईंनी जी पद्धत केली तिला वॉशकोट म्हणतात, पण दुसरी वाट पण आहे, लेप थापायचाच नाही, झिओलाईट भिंतीवरच वाढवायचं. आपल्याकडे भाताची लावणी करतात ना, आधी तरवा तयार करायचा आणि मग शेतात लावायचा, अगदी तसंच. झिओलाईटचे अतिबारीक स्फटिक आधी वेगळे करायचे, ते आधारावर घासून किंवा बुडवून एकसारखे बसवायचे, आणि मग तो तुकडा पातळ जेलमध्ये बुडवून गरम करायचा. प्रत्येक बी वाढतं, शेजारच्याला भिडतं आणि अखंड थर होतो. बाइंडर शून्य, म्हणून बाइंडरमुळे जागा मरायचा प्रश्नच नाही. सोडियम ए चा असा थर अ‍ॅल्युमिनाच्या नळीवर वाढवून अल्कोहोलमधलं पाणी काढायचे प्लांट जपानात चालतात, त्याची छिद्रं ४ अँगस्ट्रॉमची, पाणी जातं, अल्कोहोल अडतं.

पण तुमच्या कामाला मी ते सुचवणार नाही. तरवा विरळ लागला तर मध्ये फट राहते, जास्त वेळ ठेवलं तर भलताच फेज, म्हणजे दुसऱ्याच जातीचा स्फटिक, वाढतो, आणि शिवाय थर पातळ, फार तर काही मायक्रॉन, म्हणजे अमाइन साठवायला माल कमी. मेम्ब्रेनला पातळ अखंड थर पाहिजे, तुम्हाला जाड सच्छिद्र थर पाहिजे. वॉशकोटच बरोबर आहे.

माझी शंका मात्र मोठी आहे. वायमध्ये सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमचं गुणोत्तर अडीचच्या आसपास, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम भरपूर, म्हणजे त्याला पाणी अतिशय प्रिय. हर्णैच्या जुलैतल्या हवेत आर्द्रता नव्वदच्या वर. तुमचा लेप आधी पाण्यानंच भरणार, अमाइन येईपर्यंत जागा कुठे? तुम्ही टायट्रेशन कोरड्या हवेत केलंत का ओल्या?

--

खाडीकाठची – १४ जुलै

कोरड्या. हे खरंय, आणि मला आत्ता वाचताना कळलं की मी लेप तपासला पण गोडाऊनची हवा तपासली नाही. अमाइन आम्लाच्या जागेवर पाण्यापेक्षा घट्ट धरतं, त्यामुळे शून्य होणार नाही, पण फरक पडणारच. उद्या हवा आधी पाण्याच्या बाटलीतून सोडून मोजते.

--

एमएस्सी_भाग_दोन – १४ जुलै

मॅडम, आमच्या कॉलेजला ऑटोक्लेव्ह (दाब सहन करणारं बंद भांडं) एकच आहे आणि नंबर लागत नाही. मला झेडएसएम ५ करायचंय प्रोजेक्टला. घरच्या प्रेशर कुकरमध्ये होईल का? आणि अमोनियम नायट्रेट कुठे मिळेल?

--

निवृत्त_प्लांटवाला – १४ जुलै

बाळा, कुकर नको. कुकर साधारण १२० च्या आसपास शिट्टी देतो आणि झेडएसएम ५ ला १५० ते १८० लागतं, दोन-तीन दिवस सलग. शिवाय कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमचं भांडं खातं आणि हायड्रोजन सोडतं, ते स्वयंपाकघरात नकोच. टेफ्लॉन लायनरचा स्टीलचा ऑटोक्लेव्हच घे आणि दोन तृतीयांशच्या वर भरू नकोस, पाणी तापल्यावर फुगतं आणि जागा नाही मिळाली तर काय होतं ते मी बघितलंय. उघडताना पूर्ण थंड होऊ दे, नळाखाली धरून घाई नको. नंबर लागत नसेल तर प्रोजेक्ट बदल, ए किंवा वाय कर, प्लास्टिकच्या बाटलीत होतं.

झेडएसएम ५ च करायचं असेल तर टेम्प्लेट म्हणून टीपीए (टेट्राप्रोपिल अमोनियम) हायड्रॉक्साइड महाग पडतं, ब्रोमाइड आणि वेगळा कॉस्टिक घे. ते छिद्रात अडकून राहतं, म्हणून ५५० ला हवेत हळूहळू जाळायचं. पांढरं व्हायला हवं, राखाडी राहिलं तर कोळसा राहिलाय.

अमोनियम नायट्रेटच्या मागे लागू नकोस. २०१२ च्या नियमांनी त्याला परवाना लागतो, स्फोटकात मोडतं. ताईंनी क्लोराइड वापरलंय तेच वापर, एक्स्चेंजला काही फरक पडत नाही.

--

एमएस्सी_भाग_दोन – १४ जुलै

धन्यवाद सर. आमच्या गाईडनी मेसोपोरस करा म्हणून सांगितलंय, ते काय असतं?

--

सडा_आणि_जांभा – १५ जुलै

झेडएसएम ५ ची छिद्रं साडेपाच अँगस्ट्रॉम, म्हणजे पाणंद. गर्दी झाली की रेणू आतच अडकतात आणि कोक, म्हणजे कोळशाचा थर, धरतो. म्हणून पाणंदीला मोठा रस्ता जोडायचा, तेच मेसोपोरस. सोपा उपाय म्हणजे ०.२ मोलर कॉस्टिक, ६५ अंश, अर्धा तास, मग लगेच बर्फात थंड करून गाळायचं. कॉस्टिक जाळीतला सिलिकॉन कुरतडतं आणि मोठी छिद्रं पडतात. पण सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियमचं गुणोत्तर २५ ते ५० मध्ये असेल तरच नीट जमतं. त्याच्या खाली असेल तर अ‍ॅल्युमिनियम सिलिकॉनला सांभाळतो आणि काहीच होत नाही, फार वर असेल तर सगळंच विरघळतं. वेळ घड्याळ लावून, चहा प्यायला जाऊ नकोस.

--

कोळंबीवाला_राजापूर – १५ जुलै

आमच्याकडे तलावात टाकायला झिओलाईटच्या गोणी विकतात, अमोनिया ओढतं म्हणून. मी दोन वर्षं टाकतोय, फरक दिसला नाही. ताई तुमचं वाचून वाटलं विचारावं, माल खोटा येतो का?

--

खाडीकाठची – १५ जुलै

दादा, माल खरा असेल तरी तुमच्या तलावात तो कमीच चालणार. झिओलाईट अमोनियम घेतं ते स्वतःकडचा सोडियम वगैरे सोडून, अदलाबदल असते ती. गोड्या पाण्यात अमोनियमला स्पर्धा नाही. खाडीच्या खाऱ्या पाण्यात सोडियम एवढा प्रचंड आहे की तो सगळ्या जागा धरून बसतो. कोळंबीला खारं पाणी लागतं म्हणजे पाणी बदलता येणार नाही, तो पैसा एरेटरवर (पाण्यात हवा घालणारं यंत्र) घातलात तर जास्त उपयोग होईल. आणि वापरलेलं झिओलाईट खाऱ्या पाण्यात टाकलं तर धरलेला अमोनियासुद्धा परत सोडेल, मिठाच्या पाण्यानं ते मोकळं करतात ते ह्याच तत्त्वावर.

--

घाटातला_ट्रक – १६ जुलै

वाचून एक विचारतो. माझे दोन बीएस सिक्स ट्रक मुंबई-गोवा हायवेवर आहेत, सायलेन्सरमध्ये जो महागडा डबा असतो आणि युरियाचं पाणी घालावं लागतं, त्यात पण असलंच काही असतं असं मेकॅनिक म्हणाला, खरं का?

--

सडा_आणि_जांभा – १६ जुलै

खरंय. एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आलं आणि डिझेलच्या धुरातला एनओएक्स (नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड) मारायला तो डबा आला. युरियाचा गरम धुरात अमोनिया होतो आणि हनीकोंबवरच्या लेपात अमोनिया आणि एनओएक्स एकमेकांना मारून नायट्रोजन आणि पाणी होतं. बऱ्याच ठिकाणी तो लेप म्हणजे तांबं घातलेलं चॅबाझाइट जातीचं झिओलाईट. त्याची छिद्रं ३.८ अँगस्ट्रॉम, म्हणून डिझेलचे मोठे रेणू आत शिरत नाहीत, आणि गरम वाफेतही जाळी टिकते. तुमच्या बाजूनं दोनच गोष्टी सांभाळा, युरियाचं पाणी चांगल्या प्रतीचंच घाला, विहिरीचं पाणी मिसळलेलं नको, त्यातले क्षार लेपावर बसतात. आणि डिझेल खात्रीच्या पंपावरचं. बीएस सिक्स डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपेक्षा जास्त नसतं, भेसळीचं गंधक तांब्याला धरून बसतं.

--

खाडीकाठची – १८ जुलै

ओल्या हवेचं मोजमाप झालं. कोरड्या हवेत जेवढं अमाइन धरत होतं त्याच्या निम्म्याहून कमी. शंका बरोबर होती.

आता उपाय. अ‍ॅल्युमिनियम कमी करायला हवा म्हणजे पाण्याची ओढ कमी होईल. आमच्याकडे वाफेची लाईन असलेली भट्टी नाही. काका, काही सुचतंय का?

--

निवृत्त_प्लांटवाला – १८ जुलै

वाफेची लाईन लागत नाही. अमोनियम रूपातली वाय पावडर, ओलसरच, उंच मुशीत ठासून भर, वर झाकण, आणि ६०० पर्यंत ने. पसरट ताटलीत ठेवलीस तर अमोनिया आणि वाफ उडून जाते आणि साधं आम्ल वाय मिळतं, तेही नाजूक. खोल मुशीत तीच वाफ आत कोंडते, जाळीतून अ‍ॅल्युमिनियम काढते आणि रिकाम्या जागी सिलिकॉन येऊन बसतो. जाळी आकसते पण पक्की होते. रिफायनरीचं अल्ट्रास्टेबल वाय म्हणजे हेच. नंतर अगदी पातळ अ‍ॅसिडनं, पीएच ४ च्या खाली न नेता, बाहेर पडलेला अ‍ॅल्युमिनियम जमेल तेवढा धू. तांबं त्यानंतर घाल, आधी नको.

एक गोष्ट लक्षात ठेव, अ‍ॅल्युमिनियम गेला की आम्लाच्या जागा पण गेल्या. किती काढायचा हे तुझं टायट्रेशनच सांगेल, एक्सआरडी नाही सांगणार.

--

पोफळीच्या_बागेत – १९ जुलै

मी वरती दगड कुटायचं विचारलं होतं, आता कळलं किती आहे ते. ताई, तुकडे फॅनला बांधणार कसे ते पण लिहा, आमच्याकडे रबर शीटचं शेड आहे, धुराचा तोच प्रॉब्लेम.

--

खाडीकाठची – २ ऑगस्ट

मधले दिवस लिहायला जमलं नाही. काकांनी सांगितलं तसं मध्ये भाजून परत एक्स्चेंज, मग खोल मुशीत ६०० ला चार तास. एक्सआरडीची पहिली शेंडी किंचित उजवीकडे सरकली, म्हणजे जाळी आकसली, आणि शेंडी अजून टोकदार आहे म्हणजे ढासळली नाही. वजनाची चाचणी पण केली, पावडर ३५० ला तापवून डेसिकेटरमध्ये (घट्ट झाकणाचं काचेचं भांडं) मिठाच्या संपृक्त पाण्यावर एक रात्र. जुन्या वायनं स्वतःच्या पाव वजनाहून जास्त पाणी ओढलं होतं, हिनं बरंच कमी. ओल्या हवेत अमाइन आता जुन्या लेपापेक्षा स्पष्ट जास्त धरतंय, कोरड्यात मात्र थोडं कमी, काका म्हणाले तसंच.

नवे सहा ठोकळे पुन्हा तसेच, अमोनियाचं सोल, तीन हात, पहिली रात्र गोणपाटाखाली. तांब्यामुळे रंग फिकट निळा आलाय, फार सुंदर दिसतो.

पोफळीदादा, फॅनच्या पुढे पत्र्याची चौकोनी पेटी केली, आत ठोकळे एकाला एक लावून, बाजूच्या फटीत सिरॅमिक वूल ठासलं, कारण हवा नेहमी मोकळी वाट शोधते आणि एक बोट फट राहिली तरी वास तिथूनच जातो. पेटीच्या तोंडाशी साधी जाळी आणि कापडी फिल्टर, माशाची भुकटी लेपावर बसू नये म्हणून. तुमच्या रबराच्या धुरात डांबरासारखं चिकट असतं, ते झिओलाईटपर्यंत पोचायच्या आधी थंड करून गाळायला लागेल, त्याशिवाय लेप लावू नका, आठ दिवसांत बुजेल.

शनिवारी हर्णैला लावलं. मासेमारी बंदी ३१ जुलैला संपली, बंदरावर होड्यांची गडबड, गोडाऊनमध्ये मागचा साठा काढून नवीन जागा करत होते, म्हणजे वास सगळ्यात जास्त असतो ते दिवस. आज शेजारच्या काकू परसातली खिडकी उघडून वाल सोलायला बसल्या होत्या असं मामांनी सांगितलं.

--

सडा_आणि_जांभा – २ ऑगस्ट

अभिनंदन ताई! किती दिवसांनी भरतील असा अंदाज?

--

खाडीकाठची – ७ ऑगस्ट

सहाव्या दिवशी मामांना पहाटे पुसट वास आला. एक ठोकळा काढून आणला, मोजला, भरलाय. ४५० ला भाजून परत मोजला, जवळजवळ पहिल्याइतकं धरतोय, म्हणजे लेप भाजण्यात टिकला. पण दर पाच दिवसांनी ठोकळे काढून लोट्याला आणणं मामांना झेपणार नाही, म्हणून दुसरा संच करतेय, एक लावलेला आणि एक भट्टीत असा फेरा ठेवू. स्लरी आज सकाळी मिलमधून काढली, पहिला हात दिलाय, सहाच्या सहा आत्ता पॅसेजमध्ये गोणपाटाखाली आडवे टांगलेत.